चाकरींतील तहकुबी : क्रॉफर्ड प्रकरण आणि मध्यभागाचे मामलेदार (इ. स. १८८८-८९)

जुन्या दप्तरांचा शोध घेणारास नेमणुकीच्या सनदा, वाढीचीं पत्रें व बक्षिसांच्या यादी विपुल मिळतात. घराण्यांतून तीं जतनहि केलीं जातात, कारण त्यांत पूर्वजांचा मान असतो. परंतु नेमणूक जशी इतिहासाचा विषय आहे तशी अडवणूकहि आहे. चाकराचा मुशाहिरा केव्हां बंद झाला, कोणाच्या हुकुमानें झाला, चौकशी चालू असतां त्याचें घर कशावर चाललें, आणि निर्दोष ठरल्यावर त्याला काय परत मिळालें, या प्रश्नांकडे आपल्या अभ्यासकांचें लक्ष फारसें गेलेलें नाहीं. राज्याची शिस्त नेमणुकीवरून कळते. राज्याचा न्याय मात्र या दुसऱ्या प्रकारच्या कागदांवरून कळतो. प्रस्तुत लेखांत पुणें शहराशीं निकट संबंध असलेलें एक प्रकरण मुख्यतः घेऊन या विषयाची मांडणी करण्याचें योजिलें आहे.

१. शब्दांचा विचार

आज ज्यास निलंबन म्हणतात तो शब्द जुन्या कागदांत शोधूं नये. तो इंग्रजी अंमलांतील कल्पनेसाठीं संस्कृतावरून घडविलेला आहे. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ टांगून ठेवणें असा असून मराठी शब्दांतहि लोंबत राहण्याचाच भाव आहे. जुन्या व्यवहारांत चार शब्द भेटतात आणि त्यांचे अर्थ एकमेकांत मिसळूं देतां कामा नये. 'बडतर्फ' हा फारसी 'बर-तरफ' यावरून आलेला. बाजूस सारलेला, म्हणजे चाकरींतून दूर केलेला. 'जप्ती' म्हणजे उत्पन्न सरकारांत घेणें. 'अमानत' म्हणजे ठेव. वाद चालू असतां उत्पन्न सरकारच्या हातीं ठेवणें. आणि 'तहकूब' म्हणजे थांबविलेलें, पुढें ढकललेलें. पैकीं बडतर्फी ही अखेरची. अमानत व तहकुबी या मधल्या स्थिति होत. ज्याचा निकाल लागला नाहीं त्याची स्थिति या मधल्या शब्दांत आहे, आणि आपला विषयहि तोच आहे.

पगारासंबंधानें दोन शब्द ध्यानांत ठेवावे. 'मुशाहिरा' हा महिनावाचक अरबी शब्दापासून निघालेला. अर्थात् महिन्याचा हिशेब. 'हजिरी' म्हणजे प्रत्यक्ष उपस्थिति. हजिरीप्रमाणें देणें व गैरहजिरीचें वजा करणें ही हिशेबाची रीत आहे, शिक्षा नव्हे. चाकर काम करण्यास तयार असतां त्याला दूर ठेवून त्याचें देणें थांबविणें ही निराळी गोष्ट आहे. वजावाट व तहकुबी यांतील हा भेद जो पाहणार नाहीं तो जुने हिशेब वाचतांना चकेल.

२. मराठी राज्यांतील व्यवस्था

वतनासंबंधीं तंटा उभा राहिला म्हणजे वतन अमानत करण्याची वहिवाट सर्वश्रुत आहे. पाटीलकी, कुळकर्ण, देशमुखी यांवर दोघांचा दावा आला कीं गोताची अगर सरकारची मनसुबी होईपर्यंत वतनाचें उत्पन्न कोणाच्याच हातीं जाऊं द्यावयाचें नाहीं. निकाल झाल्यावर जिंकणाऱ्यानें हरकी द्यावी व हरणाऱ्यानें गुन्हेगारी द्यावी. या रीतींत सरकारचा लाभ दोन्हीकडून होई हें खरें. तथापि 'अमानत' या शब्दांतच एक मर्यादा होती. ठेव ही ज्याची असेल त्याची. ती ठेवणाऱ्या सरकारची नव्हे. वाद मिटला म्हणजे वस्तु कोणाच्या तरी हक्काची आहे हें त्यांत गृहीत धरलें होतें. वतन हें चाकरीबद्दलचें असलें तरी केवळ धन्याच्या मर्जीवर नव्हतें, हें यावरून स्पष्ट होतें. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत नवीं वतनें देण्याविरुद्ध जो इशारा आहे त्याचेंहि मर्म हेंच. एकदां वतन दिलें म्हणजे चाकर राजाच्या हातीं राहत नाहीं.

पेशवाईंतील दुसरी व्यवस्था अधिक लक्ष देण्याजोगी आहे. मामलेदाराच्या हाताखालीं फडणीस, मजमूदार, दफ्तरदार, पोतनीस, चिटणीस इत्यादि दरकदार असत. त्यांना दूर करण्याचा अधिकार मामलेदारास नव्हता. ज्याच्या हिशेबावर नजर ठेवावयाची त्याच्याच हातीं नजर ठेवणाराची भाकरी असेल तर ती नजर निरुपयोगी होय, हें पुणें दरबारानें ओळखलें होतें. दरकदाराची स्थिरता ही त्याच्यावरील कृपा नव्हती. ती राज्याच्या हिशेबाची तटबंदी होती. मामलेदारानें प्रजेवर जुलूम केला, रक्कम दडविली, तर तें हुजूर कळविणारा मनुष्य निर्भय असावा, एवढाच त्यांतला हेतु.

ही तटबंदी दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींत ढांसळली. मामलती इजाऱ्यानें देण्यांत येऊं लागल्या. अधिक बोली करणारा आला कीं पहिला दूर. जेथें जागाच विकत मिळते तेथें दोष शाबीत करण्याचें कारण उरत नाहीं, आणि निर्दोष असण्याचा उपयोगहि उरत नाहीं. एल्फिन्स्टननें १८१९ च्या आपल्या अहवालांत या इजारेपद्धतीचे दुष्परिणाम नमूद केले आहेत. इंग्रजी अंमलानें इजारा मोडून मामलेदारास ठराविक पगार दिला ही सुधारणा खरीच. परंतु सत्तर वर्षांनीं त्याच पुण्यांत जागांच्या किंमतीचा प्रश्न पुनः उभा राहिला, आणि तोहि एका इंग्रज कमिशनरच्या कचेरींत.

३. इंग्रजी अंमलांतील कायदा

१८५० च्या ३७ व्या कायद्यानें सरकारी नोकरांच्या उघड चौकशीची पद्धत घालून दिली. आरोप लेखी कलमवार द्यावे, चौकशीदार नेमावे, साक्षी समोरासमोर घ्याव्या, आरोपीस बचावाची संधि असावी, हें त्यांतील सार. परंतु हा कायदा सर्वांस नव्हता. सरकारच्या मंजुरीवांचून ज्यांस दूर करतां येत नसे अशांपुरताच तो होता. म्हणजे वरच्या पायरीच्या अंमलदारास न्यायालयासारखी चौकशी, आणि खालच्या पायरीच्या कारकुनास वरिष्ठाचा शेरा, असा भेद कायद्यांतच राहिला.

मुंबई इलाख्यांत महसुली नोकरांकरितां १८७९ च्या जमीन महसूल कायद्यांत दंड, दर्जा उतरविणें, तहकुबी व बडतर्फी या शिक्षांची तरतूद झाली, आणि अशा हुकुमाचीं कारणें लेखी नमूद करण्याचें बंधनहि आलें. हें बंधन दिसण्यांत लहान आहे. परंतु कारण कागदावर आलें म्हणजे त्याविरुद्ध बोलतां येतें. मनांत राहिलेल्या कारणाविरुद्ध अर्ज कसा करणार? शिवाय कायद्यांत नांव नसलेल्याहि शिक्षा असतात. १८७९ सालीं वासुदेव बळवंतांच्या बंडाच्या व बुधवार वाड्याच्या आगीच्या दिवसांत न्यायमूर्ति रानडे यांची धुळ्यास बदली झाली, तिला कोणी शिक्षा म्हटलें नाहीं. पुण्याच्या लोकांस तिचा अर्थ कळावयाचा तो कळलाच.

४. क्रॉफर्डची तहकुबी

आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड हा मुंबईचा १८६५ ते १८७१ या काळांतील म्युनिसिपल कमिशनर. त्याच्या नांवानें मुंबईंत मोठा बाजार उभा राहिला; त्याच बाजाराला पुढें महात्मा जोतीराव फुले यांचें नांव देण्यांत आलें. कर्तबगार, हौशी, खर्चिक व कायमचा कर्जबाजारी असा हा गृहस्थ पुढें मध्यभागाचा कमिशनर होऊन पुण्यास आला. खानदेश, नाशिक, अहमदनगर, पुणें, सोलापूर व सातारा हे जिल्हे त्याच्या हाताखालीं होते. मामलेदारांच्या नेमणुका, बढत्या व बदल्या यांवर कमिशनरचा हात असे. हणमंतराव नांवाच्या एका मध्यस्थामार्फत पैसा दिला म्हणजे चांगला तालुका मिळतो, न दिला तर दूरची व रोगट जागा वांट्यास येते, अशी बोलवा अनेक वर्षें होती.

लॉर्ड रे यांच्या सरकारनें १८८८ सालीं ओमॅनी या अधिकाऱ्याकडे गुप्त चौकशी सोंपविली, आणि त्याच वर्षाच्या जुलै महिन्यांत क्रॉफर्डला कामावरून तहकूब केलें. क्रॉफर्ड पुणें सोडून मुंबईस निघून गेला आणि तेथें धरला गेला. हणमंतरावावर निराळा फौजदारी खटला होऊन त्याला शिक्षा झाली. क्रॉफर्डच्या चौकशीसाठीं १८५० च्या कायद्याखालीं कमिशन नेमण्यांत आलें. कलकत्ता हायकोर्टाचे न्यायाधीश विल्सन हे त्याचे अध्यक्ष, आणि क्विंटन व क्रॉस्थवेट हे दुसरे दोन सभासद. तिघेहि मुंबई इलाख्याबाहेरचे. पुण्यास १८८८ च्या अखेरीस या कमिशनपुढें साक्षी झाल्या. आरोपीच्या बाजूनें इन्व्हेरॅरिटीसारखा नामांकित बॅरिस्टर उभा होता.

येथें तहकुबीचें खरें प्रयोजन काय तें नीट पाहिलें पाहिजे. जोंपर्यंत क्रॉफर्डच्या हातीं बदलीचा कागद होता तोंपर्यंत एकहि मामलेदार तोंड उघडता ना. ज्याच्याविरुद्ध बोलावयाचें त्याच्याच सहीवर आपली जागा असतां सत्य बोलणें म्हणजे अन्नावर पाणी सोडणें. म्हणून चौकशीपूर्वीं अधिकाऱ्यास बाजूस सारणें अवश्य होतें. तहकुबी ही मुळांत साक्षीदाराच्या रक्षणाची व पुराव्याच्या जतनाची योजना आहे, दंडाची नव्हे. पेशवाईंतील दरकदाराची स्थिरता आणि १८८८ ची क्रॉफर्डची तहकुबी या दोहोंचा हेतु एकच आहे. पहिलींत सांगणाऱ्यास अढळ ठेविलें, दुसरींत ऐकूं न देणाऱ्यास हलविलें.

कमिशनचा निकाल सरकारास अपेक्षित होता तसा लागला नाहीं. लांच घेतल्याचे आरोप शाबीत नाहींत असें कमिशननें ठरविलें. मात्र आपल्या हुकमतींतील लोकांकडून कर्जें काढल्याचा दोष खरा ठरला. मुंबई सरकारचें मत याहून भिन्न होतें. शेवटीं स्टेट सेक्रेटरी लॉर्ड क्रॉस यांच्या निर्णयानें लांचलुचपतीच्या आरोपांतून क्रॉफर्ड सुटला, परंतु कर्जाच्या दोषावरून त्याला नोकरींतून दूर करण्यांत आलें. त्या निकालाच्या योग्यायोग्यतेंत शिरण्याचें येथें कारण नाहीं. ध्यानांत घ्यावयाचें तें इतकेंच कीं त्याला कलमवार आरोप मिळाले, परके न्यायाधीश मिळाले, वकील मिळाला आणि उलटतपासणी मिळाली.

५. मामलेदारांचें काय झालें

आतां दुसरी बाजू. ओमॅनीपुढें ज्या मामलेदारांनीं पैसे दिल्याची कबुली दिली त्यांना सरकारकडून अभयवचन मिळालें होतें. खरें सांगाल तर तुमच्यावर खटला होणार नाहीं व तुमची जागाहि जाणार नाहीं, असा त्या वचनाचा भाव होता. त्या भरंवशावर त्यांनीं स्वतःच्या तोंडानें स्वतःचा दोष कागदावर आणला. वचनावांचून हा पुरावा उभाच राहिला नसता.

क्रॉफर्ड लांचाच्या आरोपांतून सुटला आणि चित्र पालटलें. घेणारा लांचखाऊ ठरला नाहीं; देणारे मात्र आपल्याच कबुलीनें देणारे ठरले. ज्यांनीं पैसे देऊन जागा मिळविल्या ते न्यायाधिकार कसे चालवूं शकतात, असा गिल्ला इंग्लंडांत व येथील अँग्लो-इंडियन पत्रांत उठला. जागांच्या क्रयविक्रयाविरुद्धचा तिसऱ्या जॉर्जच्या वेळचा जुना इंग्रजी कायदा पुढें करण्यांत आला. त्यायोगें सरकारनें दिलेलें वचनच बेकायदेशीर ठरतें असें म्हणणें पडलें. ज्यांच्याकडून पैसा दडपणानें उपटला गेला ते आणि ज्यांनीं आपण होऊन दिला ते, असे दोन वर्ग लॉर्ड क्रॉस यांनीं केले, आणि दुसऱ्या वर्गांतील लोकांस पदावर ठेवतां येत नाहीं असें ठरलें. दिवाणी व फौजदारी दाव्यांपासून साक्षीदारांचें रक्षण करण्याकरितां हिंदुस्थान सरकारास १८८९ चा १८ वा कायदा करावा लागला. दाव्यापासून रक्षण झालें. जागेच्या वचनाचें रक्षण सर्वांच्या बाबतींत झालें नाहीं.

या प्रसंगीं पुण्यांत जी चळवळ झाली ती नोकरांच्या हक्कांच्या इतिहासांत नोंद करण्याजोगी आहे. १८८९ च्या सप्टेंबरांत शहरांत जाहीर सभा भरली. बळवंतराव टिळक या प्रकरणांत पुढाकार घेऊन होते. 'केसरी' व 'मराठा' या पत्रांतून तर लिहिलें गेलेंच. शिवाय विलायतेंतील डिग्बी यांच्यामार्फत पार्लमेंटापर्यंत बाजू पोंचविण्याचा प्रयत्न झाला. टिळकांचा मुद्दा लांच देण्याचें समर्थन करण्याचा नव्हता. सरकारनें शब्द देऊन साक्ष घेतली, तेव्हां तो शब्द सरकारनें पाळला पाहिजे, हा होता. अन्यथा पुढें कोणता हाताखालचा मनुष्य वरिष्ठाविरुद्ध खरें बोलेल?

दोन्ही बाजूंचें म्हणणें समोरासमोर ठेवून पाहावें. लांच देऊन बसलेल्या मामलेदारापुढें रयतेनें न्याय मागावा हें कोणासहि रुचणार नाहीं. या अंशीं विलायतेंतील आक्षेप पोकळ नव्हता. परंतु त्याला उत्तर होतें. ज्याला न्यायासनावर ठेवावयाचें नाहीं त्याला न्यायाचें काम न देतां दुसरें काम देतां आलें असतें, किंवा उदरनिर्वाहाची रीतसर सोय करून मग दूर करतां आलें असतें. वचनभंग व रयतेचें अहित या दोहोंमध्यें मधला मार्ग होता. एकाच कारस्थानांतील श्रेष्ठास न्यायालयासारखी चौकशी आणि कनिष्ठास त्याच्याच जबानीवरून निरोप, हा भेद मात्र कोणत्याहि युक्तिवादानें झांकतां येत नाहीं.

६. पुढील काळांतील कायद्याची चाल

या प्रकरणानें उभे केलेले प्रश्न पुढील शतकांत हळू हळू कायद्यांत उतरले. १९३५ च्या हिंदुस्थान सरकारच्या कायद्यांत नोकरास दूर करण्यापूर्वीं कारण दाखविण्याची वाजवी संधि देण्याचें तत्त्व आलें, व १९५० सालीं अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या ३११ व्या कलमांत तें कायम झालें. परंतु चौकशीपूर्व तहकुबी ही बडतर्फी नसल्यामुळें या कलमाचें छत्र तिच्यावर नाहीं. महाराष्ट्रांतील १९७९ च्या शिस्त व अपील नियमांतहि शिक्षांच्या यादींत तिचें नांव नाहीं. म्हणजे कागदावर ती शिक्षाच नव्हे. ज्याच्या घरीं महिन्याचा पगार येत नाहीं त्याला हा भेद समजावून सांगणें कठीण आहे.

येथें निर्वाहभत्त्याची कल्पना येते. आपल्या जुन्या भाषेंत तिला पोटगी म्हणावें. नोकर कामावर नाहीं म्हणून पूर्ण पगार नाहीं; परंतु नोकरीचा करारहि तुटलेला नाहीं, म्हणून त्याला दुसरी चाकरी करतां येत नाहीं. ज्याचे हात बांधले त्याच्या पोटाची जबाबदारी बांधणाऱ्यावर, असें हें साधें गणित आहे. महाराष्ट्राच्या १९८१ च्या नियमांनीं हा भत्ता अर्धपगारी रजेच्या वेतनाइतका धरला. कारखान्यांच्या कामगारांसाठीं १९३६ च्या वेतनविषयक कायद्यानें दंडाची कमाल रुपयास अर्धा आणा ठरविली होती. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्यांत १९८२ सालीं नवें कलम घालून चौकशीच्या काळांत पहिले ९० दिवस निम्मा व त्यापुढें पाऊण पगार देण्याचें बंधन आलें. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनेंहि हेंच प्रमाण ठेविलें.

न्यायालयांनीं या तत्त्वास धार आणली. मध्य प्रदेशांतील एका नोकरास निर्वाहभत्ता न मिळाल्यामुळें दूर गांवीं चाललेल्या चौकशीस जातां आलें नाहीं. ती चौकशी १९७३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें रद्द ठरविली. पोटगी नाहीं तर बचाव नाहीं, आणि बचाव नाहीं तर न्याय नाहीं, हें त्याचें तात्पर्य. मुंबई नागरी सेवा नियमांत तर असा एक पोटनियम होता कीं फौजदारी शिक्षा होऊन अपील चालू असलेल्या तहकूब नोकरास दरमहा नांवाला एक रुपया द्यावा. १९८३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो निरर्थक म्हणून रद्द केला. निर्वाहासाठीं दिलेल्या रकमेंत निर्वाह झाला पाहिजे, इतकें ठरविण्यास एवढा काळ लागला. आरोपपत्र न देतां तहकुबी तीन महिन्यांपलीकडे चालूं नये, असेंहि त्याच न्यायालयानें २०१५ सालीं सांगितलें.

सारांश, कोणत्याहि काळांतील तहकुबी तपासण्यास चार कसोट्या पुरेशा आहेत : हुकूम देण्याचा अधिकार कोणाचा, कारण लिहून दिलें कीं नाहीं, मुदत किती, आणि मध्यंतरीं पोटाची सोय काय. वतनाच्या अमानतींत पहिली कसोटी स्पष्ट होती व वस्तु परत करण्याचा भाव होता. क्रॉफर्डच्या तहकुबींत पहिल्या दोन उत्तम रीतीनें पाळल्या गेल्या. मामलेदारांच्या वेळीं वचन देऊनहि त्या डळमळल्या.

७. संग्राहकांस विनंती

या विषयाचे सरकारी कागद पुणें व मुंबई येथील पुराभिलेखागारांत आहेत आणि ते पाहतां येतात. परंतु त्यांत सरकारची बाजू आहे. दूर झालेल्या मामलेदाराचे अर्ज, त्याच्या बायकामुलांस लिहिलेलीं पत्रें, त्या वर्षाची घरखर्चाची वही, सावकाराचें खतपत्र, हीं सरकारी दप्तरांत येत नाहींत. तीं वाड्याच्या माळ्यावर असतात. सनद व तलवार जपली जाते. बडतर्फीचा हुकूम लाजेनें चुलींत जातो. तसें होऊं नये. नाशिक, नगर, सातारा, सोलापूर व खानदेश येथील ज्या घराण्यांत एकोणिसाव्या शतकांतील महसुली चाकरी होती त्यांच्याकडील रुमाल सोडतांना असे कागद बाजूस काढावे, त्यांवरील तारखा व सह्या टिपून घ्याव्या, आणि रद्दी म्हणून एकहि पान टाकूं नये. नांवें छापणें अवश्य नाहीं. एका घराचा १८८९ सालचा जमाखर्च हातीं आला, तर वचन मोडल्यावर त्या घरांत काय शिजलें व काय विकलें गेलें तें कळेल. तें कळल्यावांचून या प्रकरणाचा अर्धा भाग अलिखितच राहील.